ताट उलटं करणारे दौलतजी

माझं अक्षर चांगलं नाही, आणि ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, हे मला अजून नीट कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हा वाचणाऱ्यानं चुका पोटात घालाव्यात. मुलीच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती म्हणून लिहायला बसले. आणि आमच्या शेजारच्या दौलतजींबद्दल कोणीतरी लिहायला पाहिजेच. त्यांना स्वतःला वेळ नाही.

दौलतजी कोणाच्याही घरी जेवले, की ताट उलटं करतात. शेवटचा घास खायचा, बोटं चाटायची, ताट उचलायचं, त्यावरचं कोरलेलं नाव खिडकीच्या उजेडात धरून मोठ्यानं वाचायचं. पेला असेल तर पेला, लोटा असेल तर लोटा. आमच्या गल्लीत एक म्हातारबाबा वारले तेव्हा दौलतजी बसायला गेले होते. बाया रडत होत्या. कोणीतरी पाण्याचा लोटा पुढे केला. दौलतजींनी पाणी प्यायलं, लोटा डोक्यावर धरला आणि त्या रडारडीत वाचलं, "सौ. यमुनाबाई, मुक्काम अड्याळ. ह्या कोन जी?"

मला वाटलं, आता यांना लोक उठवतात. पण त्या घरची म्हातारी रडायची थांबली. पदरानं डोळे पुसून म्हणाली, "माह्यी आत्या. तिनं देल्लता माह्या लग्नात." मग अर्धा तास ती आत्याबद्दलच सांगत होती. दौलतजी खिशातल्या डायरीत उतरवून घेत होते.

त्यांचं एकच म्हणणं. "मानूस लबाड बोलन, कागद लबाड बोलन. भांडं लबाड नाही बोलत."

माझ्या मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हा तर मी नुसती आतबाहेर करत होते. आमच्याकडे चांगली ताटं तीन. बाकीची मी तीन घरून मागून आणली होती. वडीलधारे म्हणून दौलतजींना बसवलं. पोहे झाले. मी आतून डोळ्यांनी खुणावते आहे, काकाजी नका, नका. त्यांनी ताट उलटं केलं. "अरे! हे तं वंदनाच्या लग्नातलं." शेजारच्याचं पाहिलं. "हे देवरावच्या घरचं." मग वरबापापुढे हात केला. "तुमचं पाहू जी."

मी दाराआड डोळे मिटून उभी होते. वरबापाच्या ताटामागे जे नाव निघालं ती त्यांच्या स्वतःच्या चुलत बहिणीची सासू. बसल्या जागी नातं निघालं. वरबाप इतके खूश झाले की मुलीला दोनच प्रश्न विचारले. लग्न जमलं. जावई अजून फोनवर विचारतो, "ताटवाले काकाजी कसे हायेत?"

हे सगळं त्यांच्या धंद्यातून आलं. पवनीच्या बाजारात भांड्यांच्या एका दुकानाच्या पायरीवर बसून, आधी एका उस्तादाच्या हाताखाली आणि मग एकट्यानं, दौलतजींनी चाळीस वर्षं भांड्यांवर नावं टाकली. मांडीत गोणपाट, त्यावर भांडं, डाव्या हातात छन्नी, उजव्या हातात हातोडी. लग्नसराईत मान वर करायची सोय नसे. तरीसुद्धा ते गिऱ्हाइकाला अडवायचे. "नाव पूर्ण सांगा. बापाचं सांगा. गाव कोनतं?" गिऱ्हाईक म्हणे, "नुसतं 'अनिताताईस' टाका ना जी, वरात निघून राहिली तिकडे." दौलतजी हातोडी खाली ठेवत. "पन्नास सालानं कोन अनिता म्हनून इचारलं तं भांडं का सांगन?"

पुढे नाव टाकायची मशीन आली. ते तिला हात लावेनात. "मशीनचं अक्षर म्हंजे भांड्यावर मुंग्या फिरल्या," म्हणाले आणि घरी बसले.

घरी बसले तेव्हा काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, वाटलं आता शांतता मिळेल. पण मुलानं नागपूरहून मोबाईल आणून दिला, आणि त्यात दौलतजींना 'मुळं आणि पारंब्या' नावाचा ग्रुप सापडला. आपापल्या घराण्याचा शोध घेणारी हौशी माणसं त्यात आहेत. कोणी पुण्याचं, कोणी रायपूरचं, एक जण तर दुबईला. कोणाला जुनी शाळेची नोंद सापडते, कोणाला जमिनीचा कागद, कोणाला गावच्या कोतवालाच्या वहीतली जन्ममृत्यूची ओळ. ज्याला जे मिळेल ते तो तिथे टाकतो आणि बाकीचे मिळून वाचतात. दौलतजींनी भांडी टाकायला सुरुवात केली. लोक सकाळी फुलांचे फोटो पाठवतात. दौलतजी सकाळी ताटाची पाठ पाठवत.

ते एका बोटानं टाइप करतात आणि टाइप करताना मोठ्यानं म्हणतात. त्यामुळे ग्रुपवर काय चाललं आहे ते आमच्या अख्ख्या गल्लीला कळतं. पहिल्या दिवशी एकानं विचारलं, "काका, पितळ काय किलो?" दुसरी एक पुण्याची मुलगी होती, प्राजक्ता नावाची, बँकेत नोकरीला. तिनं लिहिलं, "काका, प्लीज, हा वंशावळीचा ग्रुप आहे, भांडी बंद करा." आणि ग्रुपचे मालक होते नागपूरचे एक रिटायर हेडमास्तर. त्यांचं उत्तर नेहमी दोन शब्दांचं. "कागद दाखवा."

"कागद दाखवा, कागद दाखवा," दौलतजी चिडून म्हणत. "मास्तरले जेवाले भी कागदावरच वाढत असतीन."

काकू वेगळ्याच वैतागल्या होत्या. मला म्हणाल्या, "सकाळपासून फोनले चिपकून हायेत, वं. म्या इचारलं, भाजी कोनती करू? तं म्हनते, कोनत्या सालातली?"

पण रायपूरच्या माणसानं सगळं बदललं. त्याच्याकडे पणजोबांचा एक लोटा होता. पणजोबा कुठल्या गावचे ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं सहज फोटो टाकला. दौलतजींनी फोन डोळ्याला लावला आणि ओरडले, "हा 'र' पाह्य! त्याचा पाय असा वाकडा फक्त माह्या उस्तादाचा. लोटा पवनीतला हाय!" मग डायरी काढून चार दिवस गावभर हिंडले, आडनाव विचारत. नदीकडच्या बाजूला घर निघालं. रायपूरचा माणूस बायकोला घेऊन आला. त्या घरात आता दुसरीच माणसं राहतात. त्यांनी चहा केला. तो माणूस उंबऱ्याला हात लावून लहान मुलासारखा रडला. दौलतजींनी तेवढ्यात चहाचा ट्रे उलटून पाहिला.

त्यानंतर ग्रुपवरची माणसं आपापल्या माळ्यावरून भांडी काढू लागली. दुबईत सुद्धा एक जण वाटी उलटी करून बसला होता. फक्त मास्तर आणि ती प्राजक्ता मानायला तयार नव्हते.

आता मी जे सांगते ते दौलतजी कोणाला सांगत नाहीत.

त्यांच्या घराण्याची वंशावळ त्यांच्या चुलतभावांनी छापून आणली होती. ती भिंतीला लावलेली आहे. त्यात वडिलांच्या नावाखाली लिहिलं आहे : 'पत्नी. पहिली. दुसरी, इंदिराबाई.' इंदिराबाई म्हणजे सावत्र आई. तिनं यांना पोटच्यासारखं वाढवलं. ती पहिली, ती यांची आई. हे आठ महिन्यांचे असताना ती गेली. घरात तिला सगळे नुसतं 'मोठी' म्हणत. वडिलांनी तिचं नाव कधी काढलं नाही, आणि दौलतजींना विचारायचं सुचलं तोवर सांगणारी माणसं राहिली नव्हती. तिचं नाव काय, गाव कोणतं, काही नाही. गावभरच्या बायांची नावं ज्या माणसानं कोरली, त्याच्या आईच्या जागी नुसतं 'पहिली'.

काकू कधी रागात म्हणत, "सोताची माय भेटून नाही राहिली, अन् लोकाईच्या माया धुंडून राहिले."

घरात 'मोठीचा' म्हणून एक पितळी गुंड होता, पाणी भरायचा. मागच्या उन्हाळ्यात दौलतजींनी तो घासून काढला तर बुडाशी अक्षरं : 'गोविंदा, मु. लाखनी.' झालं! ग्रुपवर जाहीर. "माझे आजोळ सापडले. लाखनी." दिवसभर अभिनंदनं. मास्तरांनी विचारलं, "कागद?" दौलतजींनी नवा सदरा शिवला, नारळ घेतला, पेढे घेतले, काकूंना लुगडं नेसायला लावलं आणि गुंड घेऊन लाखनीला गेले.

तिथे गोविंदाचं घर खरंच सापडलं, हायवेला लागून. माणसं चांगली. जेवू घातलं. मग त्या घरच्या म्हातारीनं गुंड हातात घेतला आणि हसायलाच लागली.

"गुंड तं आमचाच जी. पन हा आमी माह्या नंदेच्या देराच्या लग्नात देल्लता. त्याईनं पुढं सरकवला असंन. मंग त्याईनं आनखी पुढं. असा फिरत फिरत गेला तुमच्या घरी."

आहेरात आलेलं भांडं पुढच्या लग्नात द्यायचं, हे आमच्याकडे सगळेच करतात. कोणी त्याला वाईट म्हणत नाही. आणि दौलतजींना हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? अशा भांड्यांवरची जुनी नावं ठोकून सपाट करून द्यायचं काम त्यांनीच तर केलं होतं. येताना एसटीत गुंड मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं गुंडाचं तिकीट मागितलं, तरी भांडले नाहीत. फक्त काकूंना म्हणाले, "दुनियेची नावं म्या सपाट केली. मलेच कसं नाही समजलं, वं?"

ग्रुपवर त्यांनी खरं ते लिहिलं. मास्तरांचं उत्तर आलं, "भांडी फिरतात. कागद फिरत नाही." या वेळी ते त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही. काकूंनी वाचून सांगितलं.

आठ दिवस गल्लीत दौलतजींचा आवाज नाही. मी मुद्दाम जेवायला बोलावलं. जेवले, हात धुतले आणि ताट तसंच सुलटं ठेवून उठले.

मी मोठ्या माणसांपुढे बोलत नाही. पण दुसऱ्या दिवशी काकूंसोबत नळावर भांडी घासताना मी हळूच म्हटलं, "काकू, गुंड तर कोणाचाही असतो. पण लग्नात आईबाप ज्या परातीत लेकजावयाचे पाय धुतात, ती परात कुठे आहे? ती तर माहेरचीच असते. ती कोणी पुढे देत नाही."

काकूंनी हातातली राख तशीच ठेवली आणि ओरडल्या, "ऐकलं का वो? ही पोरगी का म्हनून राहिली!"

दौलतजी दारात आले. मी मान खाली घातली. ते चप्पल न घालता निघाले ते थेट सावत्र भावाच्या घरी, अन्नाजीकडे; वाटणीत जुनी भांडी तिकडे गेली होती. आम्ही दोघी मागे. परात अन्नाजीच्या गोठ्यात होती. म्हैस तिच्यात ढेप खात होती.

"अन्ना, हे परात कोनाची?"

"बा म्हनत जाय, मोठीची. काहून?"

"मले पाह्यजे."

"ने ना दादा. म्हशीले का, बकेट देतो." म्हैस मात्र सोडायला तयार नव्हती. तिघांनी ओढली तेव्हा परात सुटली.

परात काळी ठिक्कर होती. चिंच आणि राख घेऊन मी नळावर बसले. दौलतजी समोर उकिडवे. एकदा म्हणत, "जोर लाव," एकदा म्हणत, "हळू, हळू, अक्षर जाईन." काठाखालचा भाग पिवळा झाला आणि ठिपक्यांची ओळ वर आली. मला वाचता येत होतं, पण मी वाचलं नाही. ते त्यांचं होतं. मी पाणी ओतलं आणि परात त्यांच्याकडे वळवली.

ते वाचू लागले. "भागरथा. बाप सखाराम. मुक्काम कोंढा. कन्यादानाची परात."

मग त्यांनी एका अक्षरावर बोट ठेवलं. "'र'चा पाय वाकडा हाय," म्हणाले. त्यांना काम शिकवणाऱ्या उस्तादाचंच ते अक्षर. "उस्ताद, माह्या मायचं नाव तुमी टाकलं, अन् वीस साल तुमच्या बाजूले बसलो, तुमाले ठावूक नाही अन् मले भी नाही." आणि तिथेच नळावर, पाण्यात बसले. काकूंनी त्यांना उठवलं नाही. त्या आत जाऊन चहा ठेवून आल्या.

कोंढा म्हणजे आमच्या पवनी तालुक्यातलंच गाव. सायकलनं जाता येतं. आईसाठी हा माणूस जबलपूरपर्यंत चौकशा करून बसला होता.

दुपारी त्यांनी परातीचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली एवढंच लिहिलं, "माझी आई." मास्तरांनी नेमाप्रमाणे विचारलं, "कागद?" आणि फोन वाजला. पुण्याहून प्राजक्ता. तीच, भांडी बंद करा म्हणणारी. काकूंनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"काका, ही परात कुठे मिळाली तुम्हाला?"

"म्हशीकडून," दौलतजी म्हणाले.

"काका, मस्करी नका करू. सखाराम माझे पणजोबा. माझ्या वंशावळीत एकच जागा रिकामी आहे. भागरथा, आजोबांची मोठी बहीण, पवनीला दिली होती, पण तिच्या लेकराचं पुढे काय झालं ते कोणाला माहीत नाही. काका, तुम्ही... तुम्ही माझ्या बाबांचे आतेभाऊ आहात."

 मग तिनं सगळं सांगितलं, घरात ऐकलेलं. भागरथा गेली तेव्हा तिचे आईबाप लेकरू मागायला पवनीला आले होते. यांच्या वडिलांनी दिलं नाही. बोलाचाली झाली, येणंजाणं तुटलं. तेव्हा प्राजक्ताचे आजोबा लहान होते. आता फार म्हातारे, कोंढ्यालाच असतात. "काका, जिवंत आहेत. तुमचे मामा जिवंत आहेत."

मास्तरांना मात्र कागद हवाच होता. प्राजक्तानं दुसऱ्या दिवशी तोही टाकला. गावच्या कोतवालाच्या जुन्या वहीतल्या पानाचा फोटो तिच्याकडे आधीपासून होता. त्यात ओळ होती : 'सखाराम यास एक मुलगी झाली.' बस. मुलीचं नाव लिहिलंच नव्हतं. त्या वहीत पोरांची नावं होती, पोरींच्या पुढे नुसतं 'मुलगी'.

मास्तरांचं उत्तर संध्याकाळी आलं. दौलतजींनी ते मोठ्यानं वाचलं, इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या गल्लीतले लोक बाहेर आले. "कागदाने नाव लिहिले नाही. परातीने लिहिले. दौलतजी, मी माझे शब्द मागे घेतो. आजपासून या ग्रुपवर भांडे हा पुरावा मानला जाईल." खाली सगळ्यांनी टाळ्या टाकल्या होत्या. दुबईवाल्यानं वाटीचा फोटो टाकला होता. अन्नाजी स्वतः येऊन भिंतीवरच्या वंशावळीत 'पहिली' खोडून पेनानं 'भागरथाबाई' लिहून गेला. अक्षर माझ्यापेक्षा वाईट होतं, पण दौलतजींनी काही म्हटलं नाही.

रविवारी कोंढ्याला गेलो. काकूंनी मलाही नेलं. प्राजक्ता पुण्याहून आदल्या दिवशीच आली होती. अंगणात इतकी माणसं की आत जायला जागा नाही. सगळे एकमेकांना सांगत होते, "भागरथाचा पोरगा आला, भागरथाचा पोरगा." सत्तर वर्षांच्या माणसाला पहिल्यांदा आईच्या नावानं कोणी ओळखत होतं. दौलतजी ताठ चालत होते. डायरी खिशात होती, ती त्यांनी काढलीच नाही.

मामा ओसरीत बाजेवर बसले होते. डोळ्यांनी कमी दिसतं. दौलतजी पाया पडायला वाकले तर म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी त्यांना थांबवलं.

"मले पाप लावतं का रे? भाचा होस तू."

आमच्याकडे भाच्याच्या पाया मामानं पडायचं असतं. सुनेनं धरलं, प्राजक्तानं धरलं, आणि ते म्हातारबाबा बाजेवरून खाली उतरले. दौलतजींच्या पायांवर त्यांनी डोकं टेकवलं. दौलतजी हलले नाहीत. मग तेही खाली बसले आणि दोघं एकमेकांना धरून राहिले.

खूप वेळानं दौलतजींनी विचारलं, "मामा, कशी होती जी ती?"

"बोले फार," मामा म्हणाले. "रस्त्यानं जानाऱ्याले थांबवून इचारे, तू कोनाचा, कोन्या गावचा? बापू दटावत, पन तोंड नाही थांबे तिचं."

काकूंनी मोठा श्वास सोडला. "मंग बरोबर हाय," म्हणाल्या. अख्खं अंगण हसलं.

जेवणं झाली. आम्ही निघायला उठलो तेव्हा मामांनी सुनेकडून एक कापडाची पुरचुंडी आणवली. बोटांनी चाचपत एकेक करून दौलतजींच्या हातावर ठेवू लागले. "हा कान टोचल्याचा सव्वा रुपया. हे जावळाचे पाच. हे तुह्या लग्नाचे एकावन. मामा होतो, पन आलो नाही. देनं राह्यलं होतं माह्यावर."

दर त्या काळचेच होते. कोणी हसलं नाही. दौलतजींनी दोन्ही हातांची ओंजळ करून ते घेतले.

"आता माह्यावर काही राह्यलं नाही ना रे, भाच्या?"

"नाही, मामा," दौलतजी म्हणाले. "सारं फिटलं."